चुकीच्या पत्त्यावरचं गाऱ्हाणं

माझ्या फील्डवर्कच्या वहीत त्रेचाळिसाव्या पानावर एक धडधडीत खोटं लिहिलेलं आहे. ते माझ्याच अक्षरात आहे आणि खाली तारीखही आहे. ‘कुळदैवत : जोतिबा.’ याला आता पंधरा वर्षं झाली. दर मार्चमध्ये रत्नागिरीत शिमग्याचे ढोल ऐकू यायला लागले की मी ती वही कपाटातून काढते, ते पान उघडते, स्वतःला दोन शिव्या घालते आणि वही परत ठेवते. यंदा शिव्या घालायच्या राहून गेल्या, म्हणून हे लिहायला बसले.

जोतिबाशी माझं काही वाकडं नाही. पण आम्ही ख्रिस्ती. आमच्या देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, रविवारी चाळीस माणसं जमली तरी पाळकसाहेबांचा चेहरा खुलतो. माझं नाव तेजस्वी, आडनाव कदम. मी तोंड उघडून सांगितल्याशिवाय कोणाला काही कळायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून मला ते सोयीचंच वाटत आलं. गणपतीत मैत्रिणींच्या घरचे मोदक खायचे, नाताळात त्यांना करंज्या द्यायच्या, बाकी कोणी काही विचारत नसे.

बाबा शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. देवळाच्या कारभारी मंडळींत ते होते आणि रविवारची मध्यस्थीची प्रार्थना त्यांच्याकडे असे. म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायचं. त्यासाठी त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. अमक्याचा गुडघा, तमकीची बारावी, मिरकरवाड्यातून समुद्रात गेलेल्या बोटी, मुंबईला नोकरी शोधत फिरणारा कोणाचा तरी भाचा, सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना चालायची. ती इतकी लांबायची की राजश्रीकाकू मागच्या बाकावर बांगड्या वाजवून इशारा द्यायच्या. बाबा ढिम्म. “सगळ्यांसाठी असं मोघम मागितलं तरी देवाला कळतं,” ते म्हणायचे, “पण आपण कोणासाठी मागतोय ते आपल्याला कळत नाही.”

बारावीनंतर मी मानवशास्त्र शिकणार म्हटल्यावर देवळात खळबळ माजली. “म्हणजे माकडापासून माणूस झाला तेच ना?” राजश्रीकाकू म्हणाल्या. “ते ऐकायला पुण्यापर्यंत जायचं?” कोणी म्हणालं, कवट्या मोजायला लावतात. कोणी म्हणालं, पोरगी श्रद्धा घालवून येईल. बाबा दोन दिवस सगळ्यांचं ऐकून घेत होते. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, “येशू तीस वर्षं नुसता लोकांत राहिला. रंधा मारायला शिकला, बाजारात गेला, शेजाऱ्यांच्या पंगतीला बसला. बोलला ती शेवटची तीन वर्षं. लोकांत राहून लोक समजून घ्यायचे, याच्यात देवाच्या विरुद्ध काय आहे ते मला तरी दिसत नाही. जा तू.”

पुण्यातली ती तीन वर्षं आठवली की अजून जीव हलका होतो. लायब्ररीतला जुन्या पुठ्ठ्याचा वास, हॉस्टेलचा पाणीदार चहा, नातेसंबंधांचे तक्ते काढून काढून शाईने काळी झालेली बोटं. त्या तक्त्यांत पुरुष म्हणजे त्रिकोण आणि बाई म्हणजे गोल. मी हौसेने आमच्या अख्ख्या देवळाचा तक्ता काढून बाबांना पोस्टाने पाठवला. त्यांनी तो जलरंगाने रंगवून परत पाठवला. राजश्रीकाकूंचा गोल त्यांनी जरा जास्तच मोठा केला होता.

उल्का मॅडम आम्हाला पहिल्याच तासाला म्हणाल्या, “फील्डमध्ये जाताना आपला देव चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचा.” वर्गाने ते वहीत उतरवलं. मीही उतरवलं, आणि मग हात वर केला. “मॅडम, परत येताना तो तिथेच असेल याची काय खात्री?” वर्ग हसला. मॅडमही हसल्या. “ते तू जाऊन ये आणि मला सांग,” म्हणाल्या. पण मिशनऱ्यांवरचा धडा आला त्या दिवशी अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. जणू मी कालच जहाजातून उतरले होते! “तुझं बरं आहे, अभ्यासही होईल आणि बाटवताही येईल,” असं एकजण म्हणाला. तो थट्टेत म्हणाला, आणि मीही हसले. ते वाक्य मात्र माझ्या पोटात जाऊन बसलं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी महिनाभर एका गावात राहायचं होतं. मी विषय घेतला गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे गावात काही मोठं असलं की गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, ग्रामदेवतेला हाक मारून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि भोवतालची माणसं प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तेच गाऱ्हाणं. मला त्यात बाबांची डायरी दिसत होती. मॅडमनी ओळखी काढून देवरूखच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत माझी सोय लावली, मैनामावशीच्या घरी. नवरा वारलेला, मुलगा सागर मुंबईला कंपनीत. घरात ती एकटी, एक म्हैस आणि दोन भांडकुदळ कोंबडे.

पहिल्या आठवड्यातच शेजारची सखू बोलता बोलता सांगून गेली, की गेल्या वर्षी पलीकडच्या वाडीत कोणी पत्रकं वाटायला आलं होतं, त्याला पोरांनी एसटीत बसवून परत पाठवलं. माझ्या पोटातलं ते वाक्य लगेच जागं झालं. त्यातून आमचा उपासाचा काळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. मी मटण-मासे सोडलेले, आणि इकडे शिमगा! मैनामावशीने प्रेमाने सुक्या बांगड्याचं तिखलं केलं आणि मी उपास आहे म्हणून ताट सरकवलं.

“कसला गो उपास?” तिने विचारलं.

“घरचा आहे,” मी म्हटलं. ते खरंच होतं. ती बिचारी दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात कुळथाची पिठी करायला लागली. तीन आठवडे तिने ते वेगळं भांडं चुलीवर चढवलं आणि एकदाही कुरकुर केली नाही.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात यायच्या आदल्या दिवशी भिकाजी गावकर आले. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, आवाज मात्र असा की समोरच्या डोंगराला ऐकू जावा. गावाचं गाऱ्हाणं तेच घालत. प्रत्येक घरी पालखी टेकली की त्या घरातल्या एकेका माणसाचं नाव घेत. माझं नाव त्यांना माहीत होतं. ओटीवर टेकून ते म्हणाले, “तुज्यासाटी बी मागतंव उद्या. तुमचं कुळदैवत कोनचं गो? त्येलाबी हाक माराया लागते.”

मी समोर पाहिलं. भिंतीवर देवरूखच्या कुठल्याशा किराणा दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर घोड्यावर बसलेला जोतिबा.

“जोतिबा,” मी म्हटलं. आणि वर शहाणपणा असा की लगेच ते वहीत लिहूनही घेतलं.

येशूला ओळखत नाही असं म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याची गोष्ट मी देवळात शंभरदा ऐकली होती. तिथे कोंबडा आरवतो आणि तो माणूस बाहेर जाऊन रडतो. मैनामावशीचे दोन्ही कोंबडे तेव्हा घरापुढच्या खळ्यातच होते. दोघांनीही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी आली. खळं सारवून रांगोळी काढलेली, तीस-पस्तीस माणसं, ढोल थांबलेले. भिकाजींनी हात जोडले आणि आवाज लावला.

“बा म्हाराजा, आज तुजी पालकी मैनाच्या दारात आलीय. तिचा ल्योक सागर पोटासाटी म्हमईला हाय, त्येच्या कामाधंद्याला येस दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तीस आवाज.

“ही पोर तेजस्वी, रत्नांग्रीसून शिकाया आलीय. हिच्या कुळाचा जोतिबा, त्येलाबी हाक मारतंव. आईबापापासून लांब हाय, हिची राखन कर. हिच्या विद्येला येस दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मैनामावशीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी हातातल्या वहीकडे बघत उभी राहिले. ज्यांच्याशी माझं काही नातं नाही अशी तीस माणसं माझ्यासाठी मागत होती, आणि त्यांना पत्ता मी चुकीचा दिला होता. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या शनिवारी मी काहीतरी कारण काढून घरी आले. रविवारी देवळात बाबांनी डायरी उघडली. फोनवर मी त्यांना वाडीतल्या गमती सांगत असे आणि ते मध्येच थांबवून “नाव नीट सांग” म्हणायचे, ते कशासाठी हे मला त्या दिवशी कळलं. “मैना, जिने आमच्या मुलीला घरात घेतलं. तिचा मुलगा सागर. शेजारची सखू. भिकाजी, ज्यांना पायऱ्या चढताना दम लागतो.” चाळीस माणसं आमेन म्हणाली. बाबांच्या डायरीत त्या लोकांचं सगळं बरोबर होतं. खोटी फक्त मी होते.

जेवणं झाल्यावर मी बाबांना सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. देवाला नाकारलंस असं काहीतरी म्हणतील. ते बराच वेळ ब्रशाच्या दांडीने टेबलावर रेघा ओढत बसले.

“त्यांनी तुझ्यासाठी काय मागितलं?”

“राखण कर म्हणाले. आणि शिक्षणाला यश दे.”

“आणि कोणाच्या पोरीसाठी मागितलं हे त्यांना माहीत नाही.” बाबा उठले. “उद्या जाऊ. मी येतो.”

“बाबा, घराबाहेर काढतील. प्रोजेक्ट जाईल, वर्ष जाईल.”

“गेलं तर गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा बस. पण त्या बाईच्या घरी पुन्हा पोटात खोटं घेऊन जेवायला बसू नकोस.”

देवरूखपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. मी रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. बाबा खिडकीतून बघत काजूच्या मोहोराबद्दल बोलत होते. मला त्यांचा रागच आला, इतकं त्यांना सुचत कसं होतं कोण जाणे.

मैनामावशीने पाणी आणलं. भिकाजींना निरोप गेला, तेही आले. मग मी उभी राहून एका दमात सांगितलं. आम्ही ख्रिस्ती आहोत. जोतिबा मी कॅलेंडर बघून सांगितला. तो उपासही येशूच्या नावाचा. बाटवायला आले नाही, पण तुम्हाला तसं वाटेल म्हणून भ्याले.

मग भिकाजी तोंडातल्या तोंडात म्हणाले, “म्हंजे त्या जोतिबाला मी उगाच उटवला! त्यो म्हनत असंल, कोन ह्यो म्हातारा, नी कोनाची पोर माज्या गळ्यात घालतोय!”

मला हसू आलं असतं, पण मैनामावशीचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“तीन आटवडे माज्या चुलीवरचं खाल्लंस,” ती म्हणाली. “कोन हायस म्हनून मी कदी इचारलं? पन तूबी सांगितलं नायस.” आणि ती आत निघून गेली. प्रोजेक्ट, वर्ष, मॅडम, सगळं त्या क्षणी मला फुकटचं वाटलं. ती परत बाहेर यावी, एवढंच हवं होतं.

“चुकीचं गाऱ्हानं तसंच ठिवून चालत नाय,” भिकाजी म्हणाले. “ते म्हागं फिरतं. परत घालाया पायजे.” त्यांनी ग्रामदेवतेच्या देवळाच्या दिशेला तोंड केलं, पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. बाबाही उठून उभे राहिले.

“बा म्हाराजा, काल-परवा तुज्याम्होरं या पोरीचं खोटं बोल्लं ग्येलं. पोर हाय, चुकली. तिच्या देवाला ती भ्याली नाय, आमाला भ्याली. ती आमचीबी चूक हाय. हिचा देव कोन त्ये हिच्या बापसाला ठावं. तू आपली हिची राखन कर रे म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला उत्तर लागतं. उत्तर आलं नाही तर ते पुरं होत नाही, हे मी माझ्याच वहीत लिहून ठेवलं होतं. भिकाजी हात जोडून थांबले. खळ्यात आम्ही तिघंच. मी स्वतःसाठी कशी म्हणणार? बाबा तर काय म्हणणार? म्हैस रवंथ करत होती तेवढाच आवाज.

आतून, दाराच्या आडून, मैनामावशी म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

मी रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

भिकाजी खाली टेकले आणि बाबांकडे वळले. “मास्तर, तुमीबी गाऱ्हानं घालता म्हने. पोर सांगत व्हती फोनावर, मी ऐकलंव. घाला मग. आमच्यासाटी काय मागता ऐकू तरी.”

बाबांनी डायरी काढली. वाडीचं पान शोधलं. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, नेहमीसारखीच, देवळातल्या भाषेत. “हे दयाळू पित्या, सखूसाठी आम्ही मागतो. भिकाजींच्या छातीसाठी मागतो.”

“व्हय म्हाराजा,” भिकाजी म्हणाले. जन्मभराची सवय, दुसरं काय म्हणणार! बाबा क्षणभर अडखळले, एक डोळा उघडून त्यांनी पाहिलं, आणि पुढे चालू ठेवलं.

“मैनाबाईंसाठी मागतो. त्यांच्या मुलासाठी, सागरसाठी.”

“व्हय म्हाराजा.”

“बाबल्या ऱ्हायला,” दारातून आवाज आला.

मैनामावशी उंबऱ्यावर उभी होती. भिकाजींनी झटक्यात वर पाहिलं. बाबल्या कोण ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. थोरला मुलगा. त्या शिमग्याच्या अकरा वर्षं आधी बापाशी भांडून मुंबईला गेला तो गेलाच, बाप वारला तेव्हाही आला नाही. तो गेला तेव्हापासून मैनामावशीने त्याचं नाव दारात घ्यायला बंदी केली होती. गाऱ्हाण्यातसुद्धा. भिकाजी अकरा शिमगे तिच्या दारात एक नाव गाळून मागणं मागत आले होते. तीन आठवडे मी तिच्या ओटीवर बसून कुटुंबाचा तक्ता काढला होता, त्रिकोण, गोल, सगळं नीट, आणि त्यात तिचा थोरला मुलगा नव्हता. मी तिच्यापासून लपवलं आणि तिने माझ्यापासून.

“बाबल्यासाठी,” बाबा म्हणाले, “तो जिथे असेल तिथे.”

“व्हय म्हाराजा,” भिकाजींनी असा आवाज लावला की कोंबडे उडाले. मैनामावशी पदराने तोंड पुसत म्हणाली, “पोरी, आत ये, पिठी निवतेय.” वेगळ्या भांड्यात तिने त्या दिवशीही केली होती. आम्ही यायच्या आधीच.

प्रोजेक्ट मी लिहिला, सगळं आहे तसं, जोतिबाही. उल्का मॅडमनी लाल शाईत शेरा मारला : ‘यात अभ्यासक कोण आणि गावकरी कोण हे कळेनासं होतं. शास्त्रीय अंतर नाही.’ गुण बेताचे दिले. तोंडी परीक्षेच्या शेवटी त्यांनी हळूच विचारलं, “मग, चपलांजवळ ठेवला होतास का?” मी म्हटलं, “ठेवला होता मॅडम. तो आत येऊन बसला.” त्या हसल्या, पण गुण काही वाढवले नाहीत.

पुढे मी एम.ए. केलं, रत्नागिरीत शिकवायला लागले. भिकाजी सात वर्षांपूर्वी गेले, बाबा दोन वर्षांपूर्वी. डायरी माझ्याकडे आली आणि रविवारची प्रार्थनाही. राजश्रीकाकू आता काठी घेऊन येतात, पण बांगड्या अजून वाजवतात. मीही ढिम्म. बाबल्याचं नाव मी दर रविवारी घेते. चाळिसातल्या कोणालाच तो कोण हे माहीत नाही, तरी आमेन म्हणतात. आधी बाबांना यायचा तसा दुपारी मला मैनामावशीचा फोन यायचा. “घेतलंस?” “घेतलं.” “मग बरं.” बस एवढंच. पंधरा वर्षांत एकाही रविवारी तिने दुसरं काही विचारलं नाही. बाबल्या काही आला नाही.

यंदा शिमग्याच्या आधीच्या रविवारी तिच्या नंबरवरून फोन आला तो सागरचा होता. मैनामावशी मंगळवारी गेली होती. शेवटी शेवटी तिला बोलायला त्रास व्हायचा, तो म्हणाला, पण बजावून सांगितलं, रत्नांग्रीच्या पोरीला सांग, बाबल्याचं नाव गाळू नको.

“ताई, घेता का अजून?” त्याने विचारलं.

“आजच घेतलं.”

मग तो म्हणाला, “माझंपण घ्याल का आता? घरात नाव घेणारं कोणी राहिलं नाही.”

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि पेन घेऊन डायरी उघडली. लिहायची गरज पडली नाही. वाडीचं पान लागलं, आणि त्यावर मैनामावशीच्या नावाखालीच, बाबांच्या अक्षरात, सागर होता. इतकी वर्षं, आधी बाबा आणि मग मी, त्याचंही नाव घेतच होतो.